जास्त टिकणारे मोटारसायकलचे टायर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाकाठी वीस-पंचवीस हजार किलोमीटर डांबरी रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्यांना टायर वारंवार बदलावे लागतात आणि मग ‘सर्वांत जास्त टिकणारा टायर कोणता’ हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर एका नावात देता येत नाही, कारण तोच टायर एका गाडीवर जेवढा चालतो त्याच्या निम्माही दुसऱ्या गाडीवर चालत नाही, असा अनुभव सर्रास येतो. पुढील उत्तरे रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या प्रवासापुरती आहेत. शर्यतीच्या किंवा माती-चिखलाच्या टायरांचा विचार येथे केलेला नाही.

टायर ‘टिकला’ असे नेमके केव्हा म्हणायचे?

टायर दोन टप्प्यांत संपतो. आधी त्याचे वागणे बिघडते : वळणावर गाडी झुकवताना ती आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते, ओल्या रस्त्यावर विश्वास वाटेनासा होतो, रस्त्यावरच्या उभ्या भेगांमागे हँडल ओढले जाते. त्यानंतर पुष्कळ किलोमीटरांनी खाचा संपतात. बहुतेक लोक टायरचे आयुष्य दुसऱ्या टप्प्यापर्यंत मोजतात. माझ्या मते ते पहिल्या टप्प्यापर्यंतच मोजले पाहिजे. अठरा हजार किलोमीटर चाललेला, पण शेवटचे सहा हजार किलोमीटर अंग चोरून चालवावा लागलेला टायर आणि पंधरा हजारांपर्यंत सरळ, शहाण्यासारखा वागलेला टायर यांत मी दुसऱ्यालाच टिकाऊ म्हणेन. या पानावर ‘टिकणे’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी कोणत्या जातीचा टायर घ्यावा?

मध्यम आणि मोठ्या गाड्यांसाठी स्पोर्ट टूरिंग (लांब प्रवास आणि वळणावरची पकड दोन्ही सांभाळणारी) ही जात बहुतेकांना पुरेशी ठरते. मिशेलिनची रोड मालिका, मेट्झेलरचा रोडटेक, ब्रिजस्टोनच्या बॅटलॅक्स मालिकेतील टी ३१ आणि टी ३२, डनलॉपचा रोडस्मार्ट, पिरेलीचा एंजल जीटी आणि कॉन्टिनेन्टलचा रोडअटॅक हे टायर याच जातीचे आहेत. नुसता स्पोर्ट टायर याहून मऊ असतो आणि नीट तापल्यावर जास्त पकड देतो, पण सरळ महामार्गावर तो मधोमध पाहता पाहता झिजतो. जड क्रूझर गाड्यांसाठी मेट्झेलरचा एमई ८८८ मॅरेथॉन अल्ट्रा, मिशेलिनचा कमांडर किंवा डनलॉपचा अमेरिकन एलिट यांसारखे टायर मुळातच वजन आणि अंतर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. ते जास्त टिकतात, मात्र त्यांची मापे क्रूझर गाड्यांच्या रिमांसाठी असल्यामुळे इतर गाड्यांवर ते बहुधा बसतच नाहीत.

अॅडव्हेंचर (कच्च्या वाटांवरही चालेल अशी) गाडी घेऊन नव्वद टक्के वेळ डांबरावरच फिरणाऱ्यांनी ठोकळेदार नक्षीचा मोह टाळावा. दोन ठोकळ्यांमधली मोकळी जागा म्हणजे रस्त्याला न टेकणारे रबर, आणि जे टेकते त्यावर सगळा भार येऊन ते लवकर झिजते. शिवाय प्रत्येक ठोकळा ब्रेक लावताना आणि वेग घेताना मागे-पुढे वाकतो, त्यामुळे त्याची एक कड आधी खाल्ली जाते. अशा गाड्यांच्या मापात रस्त्यासाठीचे टायर मिळतात आणि डांबरावर तेच जास्त काळ टिकतात.

टायर किती चालेल याचा आकडा टायरवर का छापलेला नसतो?

अमेरिकेत मोटारींच्या टायरांवर झीज दाखवणारा एक तुलनात्मक आकडा छापण्याची पद्धत आहे, पण ती मोटारसायकलच्या टायरांना लागू नाही. युरोपातले टायरचे लेबलही मोटारी आणि मालवाहू वाहनांच्या टायरांसाठी आहे, दुचाकींसाठी नाही. त्यामुळे दोन मोटारसायकल टायरांची झीज एकाच मापाने ताडून पाहण्याचे अधिकृत साधन ग्राहकाच्या हाती नसते. कंपन्या ‘आधीच्या टायरपेक्षा इतके टक्के जास्त’ असे सांगतात, परंतु ती तुलना त्यांच्याच जुन्या टायरशी आणि त्यांनीच निवडलेल्या गाडीवर केलेली असते. दुसऱ्या स्वाराचा आकडा ऐकताना त्याची गाडी, तिचे वजन, तो ठेवत असलेला हवेचा दाब, त्याचा नेहमीचा वेग आणि त्याच्या रस्त्याचा पृष्ठभाग या पाच गोष्टी विचाराव्यात. त्या कळल्या नाहीत तर तो आकडा ऐकून सोडून द्यावा.

‘ड्युअल कंपाउंड’ म्हणजे काय आणि त्याने आयुष्य खरोखर वाढते का?

वाढते, विशेषतः मागच्या टायरचे. मोटारसायकल सरळ चालताना टायरचा मधला चिंचोळा पट्टाच रस्त्याला टेकलेला असतो आणि वळणावर कडेचा भाग कामाला येतो. मध्यभागी कठीण, झीज सोसणारे रबर आणि दोन्ही कडांना मऊ, पकड देणारे रबर असे दोन मिश्रणांचे पट्टे एकाच टायरवर बसवले, की महामार्गावरची झीजही आटोक्यात राहते आणि वळणावरची पकडही. काही टायरांत मऊ रबराचा थर कडांना असतो आणि कठीण रबर त्याच्याखालून आरपार गेलेले असते. त्यामुळे झुकताना एका मिश्रणावरून दुसऱ्यावर जाण्याचा धक्का जाणवत नाही आणि कडेचे मऊ रबर वेग घेताना कमी वळवळते.

मिश्रणात सिलिकाचे प्रमाण किती आहे यालाही महत्त्व आहे. पूर्वी रबराला बळकटी देण्यासाठी मुख्यतः कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी वापरत. सिलिकामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावर रबर लवचीक राहते आणि फिरताना कमी तापते. टिकाऊ टायर पावसात निसरडा असायचाच, ही जुनी समजूत आज बरीचशी मागे पडली आहे, त्याचे मोठे श्रेय सिलिकाला जाते.

म्हणजे टिकाऊ टायर घेतल्यास ओल्या रस्त्यावर धोका नाही?

नवा असताना चांगल्या स्पोर्ट टूरिंग टायरची ओल्या रस्त्यावरची पकड पुष्कळ स्पोर्ट टायरांपेक्षा सरस असते, कारण तो लवकर तापतो आणि त्याच्या खाचा पाणी बाहेर फेकण्याच्या हिशेबाने कापलेल्या असतात. प्रश्न पुढे येतो. खाचेची खोली कमी होत जाते तशी पाणी सामावून घेण्याची जागा कमी होते आणि जोरदार पावसात टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग खाली येतो. म्हणून पावसाळी प्रदेशात लांब अंतर कापणाऱ्याने कायद्याची किमान मर्यादा गाठेपर्यंत थांबू नये.

रेडियल चांगला की बायस प्लाय?

गाडी ज्या प्रकारासाठी बनवली आहे तोच चांगला. रेडियल टायरमधले धागे फिरण्याच्या दिशेला काटकोनात असतात आणि वरून पट्टा असतो. त्यामुळे तो वेगात कमी तापतो आणि कमी फुगतो. बायस टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) ताठ असते आणि जड वजन तो निमूटपणे पेलतो. गाडीच्या कंपनीने स्वतः मंजुरी दिलेली नसेल तर पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा असे कधीही करू नये. दोन्हींची लवचीकता वेगळी असल्याने वेगात गाडी डुलू लागू शकते.

भार आणि वेगाची अक्षरे टिकाऊपणाशी कशी निगडित आहेत?

टायरवर ‘१८०/५५ झेडआर १७ (७३डब्ल्यू)’ असे लिहिलेले असेल, तर ७३ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ योग्य दाबावर ३६५ किलो भार असा होतो. पुढच्या ‘१२०/७० झेडआर १७’ टायरवर बहुधा ५८ असते, म्हणजे २३६ किलो. वेगाच्या अक्षरांपैकी एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७०. एवढ्या वेगाने कोण जातो, असे म्हणून कमी अक्षराचा टायर घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, परंतु हे अक्षर टायरची उष्णता सोसण्याची ताकदही सांगते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा भारांक किंवा वेगाचे अक्षर खाली आणू नये.

सामान आणि मागे बसणारी व्यक्ती घेऊन नेहमी प्रवास करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. अनेक कंपन्या तोच टायर त्याच मापात दोन रूपांत विकतात : एक साधा आणि एक जड गाड्यांसाठी आतून अधिक ताठ बांधलेला. मिशेलिन, ब्रिजस्टोन आणि कॉन्टिनेन्टल त्याच्या नावापुढे ‘जीटी’ लावतात, मेट्झेलर ‘एचडब्ल्यूएम’ लिहितो आणि पिरेलीच्या एंजल जीटीमध्ये ‘ए’ हे अक्षर दिसते. अडीचशे किलोंहून जड टूरिंग गाडीवर साधे रूप बसवले, तर टायर भाराखाली जास्त दबतो, जास्त तापतो आणि मग ‘या टायरचे नाव मोठे, पण टिकला नाही’ अशी तक्रार होते. उलट हलक्या गाडीवर जड रूप बसवल्यास गाडी कडक चालते आणि टायर नीट तापतच नाही.

एक माप रुंद टायर घातला तर जास्त टिकेल का?

नाही. रिमची रुंदी तीच राहते, त्यामुळे रुंद टायरच्या दोन्ही बाजू आत खेचल्या जातात आणि त्याची गोलाई अधिक टोकदार होते. सरळ चालताना टेकणारा पट्टा रुंद होण्याऐवजी अरुंद होऊ शकतो, शिवाय टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासण्याची भीती असते ती वेगळीच.

हवेचा दाब किती ठेवावा? तोच खरा उपाय आहे असे का म्हणतात?

गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर दिलेला दाब ठेवावा, आणि तो टायर थंड असताना मोजलेला असावा. टायरच्या साइडवॉलवर छापलेला आकडा हा कमाल भारासाठीचा दाब असतो. तो रोजचा दाब नव्हे. दोघे आणि सामान असताना पुस्तिका बहुधा मागच्या टायरसाठी वेगळा, जास्त दाब सांगते आणि तो पाळायलाच हवा.

टायर निवडण्यात लोक आठवडे घालवतात आणि दाब मात्र महिन्यातून एकदा, तोही पंपावरच्या हलणाऱ्या काट्यावर पाहतात, याची मला मनापासून खंत वाटते. माझ्या अनुभवात टायरच्या आयुष्यात सर्वांत मोठा फरक ब्रँड बदलल्याने पडलेला नाही. स्वतःचा एक भरवशाचा गेज घेऊन दर आठवड्याला आणि लांब प्रवासात रोज सकाळी दाब पाहू लागल्यापासून तो पडला. दाब कमी असला की टायरचा सांगाडा प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि तापलेले रबर रस्त्यावर भराभर सांडते. दाब जास्त असला की मधला पट्टा अरुंद होतो, सगळी झीज तिथेच होते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही घटते.

तापमानाचा हिशेब लक्षात ठेवावा. तापमान दर १० अंश सेल्सिअसने बदलले की ३६ पीएसआयच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. दुपारी ३० अंशांना ३६ भरलेला टायर डोंगरातल्या पहाटे १० अंशांना ३३ च्या आसपास दाखवतो, आणि त्यात कुठेही गळती नसते. तासभर चालवलेला टायर तापल्याने दाब ३ ते ४ पीएसआयने वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये, कारण सकाळी तोच टायर कमी दाबावर उभा असेल.

वारंवार हवा कमी होते, पण पंक्चर सापडत नाही. काय पाहावे?

व्हॉल्व्ह पाहावा. एकदा मी मागचा नवा टायर बसवून घेतला तेव्हा रबरी व्हॉल्व्ह जुनाच ठेवला गेला होता आणि हे मला सांगितले गेले नाही. दोन-तीन दिवसांत चार पीएसआय उतरत असत, मी दर वेळी भरून पुढे जात असे. शेवटी साबणाचे पाणी लावून पाहिले तर काहीच दिसेना. व्हॉल्व्ह बोटाने थोडा एका बाजूला वाकवल्यावर त्याच्या बुडाशी रबराला गेलेली बारीक चीर उघडली आणि फेसाचे मोहरीएवढे बुडबुडे वर आले. गाडी वेगात असताना व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेला ओढला जातो, म्हणजे ती चीर नेमकी प्रवासातच उघडत होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या टायरबरोबर नवा व्हॉल्व्ह हा माझा नियम आहे, आणि जिथे बसतो तिथे धातूचा व्हॉल्व्ह. ट्यूबच्या टायरला हाच नियम ट्यूबसाठी लावावा.

मागचा टायर मधोमध सपाट होतो. हे टाळता येते का?

पूर्ण टाळता येत नाही, लांबवता येते. महामार्गावर गाडी पुढे ढकलण्याचे सगळे काम मागच्या टायरचा मधला पट्टा करत असतो आणि त्याच्यासमोर मुख्य अडथळा हवेचा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेल्यास वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो, आणि तेवढे ढकलणे त्याच चार बोटांच्या पट्ट्यातून रस्त्याला पोचवावे लागते. त्यातच वेगामुळे टायर तापतो. म्हणून ज्यांना खरोखर जास्त किलोमीटर हवे आहेत त्यांनी टायर बदलण्याआधी महामार्गावरचा वेग पंधरा-वीसने कमी करून पाहावा. सिग्नलवरून झटक्याने सुटणे आणि वळणातून बाहेर पडताना एकदम थ्रॉटल उघडणे यांनीही मधला आणि त्याच्या बाजूचा भाग खाल्ला जातो.

रस्त्याच्या पृष्ठभागाचा वाटा मोठा असला तरी तो आपल्या हाती नसतो. बारीक, गुळगुळीत डांबरावर जो टायर निवांत चालतो तोच, वर टोकदार खडी पसरून केलेल्या खरखरीत रस्त्यावर किसणीवर धरल्यासारखा झिजतो.

पुढच्या टायरवर लाटांसारखे उंचवटे येतात आणि हँडलमधून घरघर जाणवते. टायर खराब आहे का?

बहुधा टायरचा दोष नसतो. ब्रेक लावताना पुढच्या टायरच्या नक्षीचा प्रत्येक तुकडा मागे वाकतो आणि त्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त घासली जाते. टायरवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवला तर कंगव्यासारख्या कडा हाताला लागतात, ती हीच झीज. थोड्या प्रमाणात ती प्रत्येक पुढच्या टायरवर येते. ती लवकर आणि खोल येत असेल तर आधी दाब पाहावा, मग फोर्कमधले (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनमधले) तेल, स्टिअरिंगचे बेअरिंग आणि चाकाचे बॅलन्सिंग. थकलेल्या फोर्कवर नवा, महाग टायर बसवला तरी काही हजार किलोमीटरांत तो तशीच घरघर करू लागतो.

एका बाजूला जास्त झीज का होते?

वाहतूक डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांत उजव्या बाजूची झीज जास्त दिसते. उजवे वळण आपल्याला रस्त्याच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे मोठ्या त्रिज्येने घ्यावे लागते, त्यामुळे गाडी उजवीकडे झुकलेली असताना जास्त अंतर कापले जाते. त्यात चौकातले वर्तुळही उजवीकडे झुकूनच पार करायचे असते. उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशांत हेच डाव्या बाजूला घडते. हा फरक सौम्य असेल तर काळजी नको. झीज एकदम एकतर्फी असेल तर चाकांची सरळ रेष तपासून घ्यावी. चेन ताणताना मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवलेल्या नसतात, हे कारण अनेकदा निघते.

पुढचा आणि मागचा टायर एकत्रच बदलावा का? वेगवेगळ्या कंपन्यांचे चालतील का?

एकत्र बदलण्याची सक्ती नाही. सरळ रस्त्यावर मागचा आधी संपतो, घाटात जास्त फिरणाऱ्यांचा पुढचा टायरही ब्रेकमुळे जवळपास बरोबरीने संपतो. पुढचा अजून निम्म्याहून अधिक शिल्लक असेल आणि त्याची गोलाई शाबूत असेल, तर फक्त मागचा बदलणे योग्य आहे. जोडी शक्यतो एकाच मॉडेलची ठेवावी, कारण दोन्ही टायरांची गोलाई एकमेकांना जुळतील अशी आखलेली असते. नवा, टपोरा मागचा टायर आणि दोन्ही खांद्यांवर (मधला पट्टा आणि साइडवॉल यांच्यामधल्या भागांवर) झिजून मधोमध टोक आलेला पुढचा टायर ही जोडी मात्र वाईट, मग ती एकाच कंपनीची का असेना.

मोटारीचा टायर मागच्या चाकाला बसवणारे लोक दुप्पट आयुष्य सांगतात. तसे करावे का?

करू नये. मोटारीच्या टायरचा बीड (रिमवर घट्ट बसणारी आतली कड) वेगळ्या रिमसाठी घडवलेला असतो आणि त्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने गाडी झुकली की तो कडेवर उभा राहतो. कोणतीही टायर कंपनी या वापराला मान्यता देत नाही.

टायरचे वय कसे ओळखावे? जुना पण न वापरलेला टायर स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का?

साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. ‘२४२३’ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा. ही खूण अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात. नीट साठवलेला वर्ष-दोन वर्षांचा टायर घ्यायला हरकत नाही. पाच वर्षांनंतर मात्र टायरची दरवर्षी बारकाईने तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनी खाच कितीही शिल्लक असली तरी तो काढून टाकावा, असा सल्ला मोठ्या कंपन्या देतात. भरपूर फिरणाऱ्याचा टायर वयाने क्वचितच संपतो. त्याच्या दुसऱ्या, क्वचित बाहेर निघणाऱ्या गाडीचा मात्र हमखास वयानेच संपतो.

रबराला ऊन, उष्णता आणि ओझोन या तिन्हींचा त्रास होतो. टायर थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा आणि विद्युत मोटारी किंवा वेल्डिंग चालते तिथे ठेवू नये. टायर काळाभोर दिसावा म्हणून चोपडायची चकाकीची द्रव्ये तर अजिबात लावू नयेत. ती ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) गेली तर टायर घसरतो. शिवाय ओझोनपासून वाचवण्यासाठी रबरातच मेणासारखे घटक घातलेले असतात, ते चालत्या टायरच्या पृष्ठभागावर हळूहळू येत राहतात आणि ते सतत पुसून काढण्यात शहाणपण नाही.

झीज घरी कशी मोजावी?

खाचेची खोली मोजणारा छोटा गेज आणि एक वही एवढेच पुरते. खाचेच्या तळाशी काही ठिकाणी रबराचा आडवा उंचवटा असतो, तो झीजदर्शक. त्याची जागा साइडवॉलवर बाण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशा खुणेने दाखवलेली असते. गेजची सुई त्या उंचवट्यावर न टेकवता खाचेच्या खऱ्या तळाशी टेकवावी, आणि दर वेळी त्याच खाचेत, चाकाच्या परिघावर तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी आकडा लिहावा.

समजा, नव्या मागच्या टायरची मधली खोली ७.५ मिलिमीटर आहे आणि ५,००० किलोमीटरला ती ६ भरली. म्हणजे हजार किलोमीटरला ०.३ मिलिमीटर. २ मिलिमीटरला बदलायचे ठरवले तर ४ मिलिमीटर शिल्लक आहेत आणि याच गतीने आणखी तेरा हजार किलोमीटर मिळतील. पहिला अंदाज कच्चा असतो, पण तीन-चार नोंदींनंतर तो चांगला जमू लागतो. झीज एकाएकी वाढली तर ती वहीत आधी दिसते आणि मग दाब, ब्रेक किंवा फोर्क तपासण्याची वेळ मिळते.

कायद्याची मर्यादा किती असते?

ती देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये मोटारसायकलसाठी रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात किमान १ मिलिमीटर लागते, तर जर्मनीत १.६ मिलिमीटर. या मर्यादा दंड टाळण्यासाठी आहेत. मी स्वतः मागचा टायर मधोमध २ मिलिमीटरला काढतो आणि पावसाळा तोंडावर असेल तर त्याआधीच.

मोठ्या प्रवासाला निघताना टायर अर्धा झिजलेला असेल तर?

वहीतल्या दराने प्रवासाच्या अंतरात किती झीज होईल ते काढावे, सामानाच्या वजनासाठी, उन्हासाठी व खराब रस्त्यासाठी त्यात चौथा हिस्सा जास्त धरावा आणि ती बेरीज शिल्लक खोलीतून वजा करावी. शेवटच्या दिवशीही २ मिलिमीटर उरत नसतील तर निघण्यापूर्वी नवा टायर बसवावा. काढलेला अर्धा टायर फेकू नये. सावलीत ठेवून परतल्यावर जवळच्या रोजच्या फेऱ्यांसाठी तो पुन्हा लावता येतो, त्याचा उरलेला जीव वाया जात नाही. वाटेत नेमके आपले माप मिळेल या भरवशावर राहून अनोळखी ठिकाणी जो मिळेल तो टायर घ्यावा लागणे, हा सर्वांत महाग पडणारा पर्याय आहे.

नव्या टायरवर सुरुवातीला काय जपावे?

पहिले दीड-दोनशे किलोमीटर हळूहळू झुकत जावे, एकदम ब्रेक किंवा थ्रॉटल लावू नये. पृष्ठभागावरचा कारखान्यातला गुळगुळीतपणा घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. दुसऱ्या दिवशी थंड टायरचा दाब पुन्हा मोजावा.

पंक्चर झालेला टिकाऊ टायर दुरुस्त करून पुढे चालवावा का?

ट्यूबलेस टायरला मधल्या भागात लहान, सरळ छिद्र असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून लावलेली छत्रीच्या आकाराची पॅच-प्लग दुरुस्ती करून घ्यावी. बाहेरून ठोकलेली दोरी ही घरापर्यंत किंवा पुढच्या कारागिरापर्यंत हळू पोचण्यापुरती असते. साइडवॉलला किंवा खांद्याला छिद्र असेल, ते मोठे असेल, किंवा हवा नसताना गाडी काही अंतर चालवली गेली असेल तर टायर कितीही नवा असला तरी तो बाद समजावा. हवेविना चाललेल्या टायरच्या आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी आणि साइडवॉलवर गोल घडी दिसते. ती दिसली की सांगाडा दुखावलेला आहे.

नायट्रोजन भरल्याने टायर जास्त टिकतो का?

साध्या हवेत मुळातच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनने दाब थोडा हळू उतरतो एवढेच. जो दर आठवड्याला दाब पाहतो त्याला त्याची गरज नाही.

पुढचा टायर निवडताना सुरुवात कुठून करावी?

नुकत्याच काढलेल्या टायरपासून. तो टाकून देण्यापूर्वी उजेडात उभा धरून पाहावा. मध्यभागी सपाट आणि कडांना नवेपणाचे केसासारखे रबरी तंतू अजून शिल्लक असतील, तर आपले बहुतेक चालणे सरळ रस्त्याचे आहे आणि मध्यभागी अधिक कठीण, ड्युअल कंपाउंड टायर लाभेल. मधला भाग बरा पण दोन्ही खांदे गेले असतील, तर टिकाऊपणाच्या मागे न लागता कडांना चांगली पकड देणारा टायर घ्यावा. सगळीकडे सारखी, पण अपेक्षेपेक्षा फार लवकर झीज दिसत असेल, तर दुसरा ब्रँड शोधण्याआधी वहीतल्या दाबाच्या नोंदी उघडाव्यात. नोंदीच नसतील तर तोच टायर पुन्हा घ्यावा आणि या वेळी नोंदी ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या खरेदीच्या वेळी तुलनेला काहीतरी हाताशी असेल.